पिशवी काढल्यानंतरचे दुखणे

प्रश्न : वय 34. ऊसतोडीला जाण्यापूर्वी पिशवी काढली. आता कंबर दुखते, अंगातून वाफा निघतात. काय करावे? (एक भगिनी, केज तालुका)

उत्तर : 2019 साली शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, यावरून आपली व्यथा एकटीची नव्हे हे उघड आहे. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील, तर अकाली रजोनिवृत्ती येऊन अस्थी ठिसूळ होतात व हृदयविकाराचा संभव वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेचे दस्तऐवज प्रथम मागून घ्यावेत (तो आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे). ते घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास नसल्यास संप्रेरकोपचार साधारणतः पन्नाशीपर्यंत देता येतो.