तिशीतला रनिंग बॅक आणि फटीगचा धडा

मी लिहितोय ते अमेरिकन फुटबॉलबद्दल. त्यात 'रनिंग बॅक' नावाचा गडी असतो. चेंडू काखेत दाबून समोरच्या धिप्पाड गड्यांच्या भिंतीत घुसायचं, हे त्याचं काम. मुख्य गडी असेल तर सीझनला तीनशे वेळा. असा स्टार तिशीकडे झुकला की टीमपुढे प्रश्न येतो, याचा करार वाढवायचा का?

सिएटल सीहॉक्सच्या शॉन अलेक्झांडरचं बघा. २००५ च्या सीझनमध्ये ३७० वेळा चेंडू घेऊन तो १,८८० यार्ड धावला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्च २००६ मध्ये, वय २८ असताना, टीमने त्याच्याशी ८ वर्षांचा, ६ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्या वर्षी पायाचं हाड मोडलं आणि ८९६ यार्डांवर गाडी थांबली. २००७ मध्ये ७१६. एप्रिल २००८ मध्ये टीमने त्याला सोडलं. आठातली दोनच वर्षं!

सगळा दोष त्याच्या पायांचा नव्हता. त्याच मार्चमध्ये त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा गार्ड स्टीव्ह हचिन्सन मिनेसोटाला गेला होता. शाफ्टचं कौतुक करताना बेअरिंग विसरावं, तसं झालं.

आता एस-एन कर्व्ह आठवा (परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला!). शाफ्ट किती वर्षांचा आहे यापेक्षा त्याने किती सायकल सोसल्या ते महत्त्वाचं. अलेक्झांडरच्या २००४ मध्ये ३५३ आणि लगेच पुढच्या वर्षी ३७०. म्हणून मला वाटायचं, सायकल मोजा आणि वेळेत मोकळे व्हा.

पण डेरिक हेन्रीने माझी थिअरी मोडीत काढली. टेनेसीत दोन हजारांवर वेळा चेंडू नेऊन झाल्यावर, तिशीत, तो बाल्टिमोर रेव्हन्समध्ये आला आणि २०२४ च्या सीझनमध्ये १,९२१ यार्ड धावला! मग लक्षात आलं की लॅबमध्येही सगळे बिंदू रेषेवर कुठे बसतात? एकाच स्टीलचे दोन तुकडे, लोड तोच, तरी एक लवकर तुटतो, दुसरा कितीतरी जास्त टिकतो. म्हणजे सरासरी सांगता येते, पण हातातला तुकडा कधी तुटेल ते नाही. अशा वेळी आपण इन्स्पेक्शनचा काळ कमी करतो.

करारातही तेच करावं. लांब करारात एक मेख असते. समजा २ कोटी डॉलर बोनस दिला आणि हिशेबात तो ५ वर्षांवर पसरला. दोन वर्षांनी गड्याला सोडलं, तरी उरलेले १ कोटी २० लाख सॅलरी कॅपमध्ये टीमच्या डोक्यावर बसतातच.

मग काय, वय झालं की भंगारात? तेही मला पटत नाही. ड्राफ्टमधून आलेल्या गड्याचा पहिला करार २०११ पासून ठरलेल्या श्रेणीचा, चार वर्षांचा असतो. म्हणजे पायांत सगळ्यात जास्त जोर असतो ती वर्षं टीम स्वस्तात वापरून घेते. पैसे मागायची वेळ आली की म्हणे, तू जुना झालास!

माझं मत: करार वाढवा, पण दोनच वर्षांचा, आणि त्यातली बहुतेक रक्कम पक्की द्या. रेव्हन्सने मे २०२५ मध्ये ३१ वर्षांच्या हेन्रीशी असंच केलं: २ वर्षं, ३ कोटी डॉलर, पैकी अडीच कोटी पक्के. मी मॅनेजर असतो तर सह्यांचा क्रम तेवढा बघितला असता. आधी लाइनमधल्या गड्यांच्या, मग याची.