वीज चढते कशी, उतरते कशी

कॅमेऱ्याच्या सेन्सरला वीज द्यावयाची म्हणजे एक कळ दाबावयाची, अशी समजूत घेऊन जे तरुण या धंद्यात उतरतात, त्यांना मी आमच्या परंड्याची एक हकिकत सांगत असतो; कारण पुण्याच्या प्रयोगशाळेतील स्थिर, आज्ञाधारक पुरवठ्यावर जे दोष बिनबोभाट दडून राहतात, ते तालुक्याच्या गावची येती-जाती वीज एका हंगामात चव्हाट्यावर आणते.

सेन्सरचा कारभार सामान्यतः तीन पुरवठ्यांवर चालतो. प्रकाशाचे मापन करणाऱ्या अ‍ॅनालॉग भागास बहुधा २.८ व्होल्ट, बाहेरच्या चिपांशी व्यवहार करणाऱ्या आय-ओ भागास १.८ व्होल्ट आणि आतल्या डिजिटल गाभ्यास १.२ व्होल्टच्या आसपास, असा शिरस्ता आहे. हे तिघे कोणी कोणाच्या मागून रुजू व्हावे, क्लॉक केव्हा सुरू व्हावे आणि रीसेट केव्हा सोडावा, याचे फर्मान डेटाशीटमध्ये निघते. त्याची अंमलबजावणी पॉवर मॅनेजमेंट चिपेकडे, म्हणजे पीएमआयसीकडे असते. ओव्ही ५६४० हा बहुपरिचित सेन्सर घ्या. गाभ्याचा पुरवठा तो आतल्या आत तयार करीत असेल, तर आधी आय-ओ, मग अ‍ॅनालॉग. हे स्थिर झाल्यावर किमान ५ मिलिसेकंदांनी पॉवर-डाउनची पिन खाली, त्यानंतर किमान १ मिलिसेकंदाने रीसेट वर, आणि पुढे २० मिलिसेकंद थांबून मगच पहिला शब्द बोलावयाचा. या मुदती उपचारापुरत्या नाहीत. नेमून दिलेला क्रम मोडला की पिना अनिश्चित अवस्थेत लोंबकळतात, संरक्षक डायोडांतून आडमार्गाने प्रवाह वाहू लागतो, आणि फारच दुर्दैव असेल तर सिलिकॉनमध्ये अंगभूत असलेला थायरिस्टर जागा होऊन चिप तापत जाते. आमच्या किल्ल्यावरून १६३२ साली विजापुरास नेलेल्या मुलूखमैदान तोफेत गोळा आधी घालून दारू मागाहून ठासणारा गोलंदाज जितका वेळ नोकरीत टिकला असता, तितकीच अशा सेन्सरची शाश्वती.

हकिकत अशी. हरभऱ्यावरील घाटेअळीचे पतंग किती येतात हे पाहण्यासाठी कामगंध सापळ्यावर नजर ठेवणारी कॅमेऱ्याची एक पेटी सीना-कोळेगाव धरणाच्या बाजूस असलेल्या माझ्या मामांच्या शेतात बसविली होती. बोर्ड दुसऱ्यांनी केलेला. माझ्याकडे केवळ चौकशी सोपविली गेली, कारण पेटी मधूनच आंधळी होई. मल्टिमीटर लावला तर तिन्ही व्होल्टेज हजर आणि तंतोतंत. सेन्सर, म्हणजे हाच ओव्ही ५६४०, मात्र ओळख विचारली असता गप्प. ३००ए आणि ३००बी या रजिस्टरांतून ५६ आणि ४० हे अंक यावयाचे, तेथे काहीच न येई. पुण्यात हीच पेटी महिनोन्‌महिने निर्वेध चालली होती, त्यामुळे उष्णता, धूळ, ओलावा, उंदीर अशा सर्वांवर आळीपाळीने आरोप ठेवून झाले. तिढा सोडविला मामांच्या एका वाक्याने. "आरं, लाईट रातभर गेली तर सकाळी नीट चालतंय, भुर्रकन जाऊन आली की मगच आंधळं व्हतंय बघ." इतका नेमका अहवाल मला पगारी परीक्षकांकडूनही क्वचितच मिळाला आहे.

एस.टी.ने ऑसिलोस्कोप शेतावर नेला, तेव्हा उलगडा झाला. लाईट गेली की प्रोसेसर बॅटरीवर जागा राही आणि काटकसरीसाठी सेन्सरचे तिन्ही पुरवठे तोडी. परंतु सेन्सरशी बोलण्याच्या आय-टू-सी तारांवरील पुल-अप रोध प्रोसेसरच्या १.८ व्होल्टला जोडलेले असल्याने, तेथून सेन्सरच्या संरक्षक डायोडांवाटे वीज चोरपावलांनी आत शिरे आणि बंद म्हटलेली आय-ओ रेल, म्हणजे आय-ओ पुरवठ्याची वाहिनी, शून्यावर न येता व्होल्टच्या खाली-वर तरंगत राही. अशा अर्धमेल्या अवस्थेत पुन्हा पुरवठा आला, की सेन्सरचा अंतर्गत रीसेट घडतच नसे. रात्रभर वीज गेली तर प्रोसेसरही निद्रिस्त होऊन पुल-अपचा पुरवठा तुटे, आणि सकाळचा आरंभ निर्मळ होई. चढण्याचा क्रम निर्दोष होता. उतरण्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे, की पुल-अप सेन्सरच्याच आय-ओ रेलला बांधावेत. पुरवठा तोडण्यापूर्वी रीसेट आणि क्लॉक यांच्या पिना खाली ओढाव्यात, कारण उलटी वीज त्यांच्यातूनही शिरते. आणि पीएमआयसीमध्ये रेल रिकामी करण्याची सोय असल्यास ती स्पष्ट हुकूम देऊन चालू करावी, कारण ती मुळात चालू असेलच असे नाही. बंद आणि चालू यांमध्ये सक्तीचे अंतर ठेवावे, आणि ते अंदाजाने न ठरविता, ऑसिलोस्कोपवर रेल खरोखर खाली आलेली पाहून ठरवावे. लिनक्सवर काम करणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी: तीन पुरवठ्यांची नावे ओळीने लिहून ती 'रेग्युलेटर बल्क इनेबल'च्या हवाली केली, म्हणजे त्याच ओळीने ते चढतील, हा भ्रम आहे, ते फंक्शन सर्वांना समांतर सुरू करते. क्रम हवा असेल तर एकेकास स्वतंत्र हाक मारावी.

रजिस्टरांत आकडे भरताना घाई नको. कॅमेऱ्यांसाठीच घडविलेल्या टीपीएस ६८४७० या चिपेत गाभ्याचा पुरवठा ०.९ व्होल्टपासून २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी चढतो, तर अ‍ॅनालॉगचा ०.८७५ पासून १७.८ च्या पायऱ्यांनी. त्यामुळे १२ हाच अंक एकीकडे १.२ व्होल्ट देतो आणि दुसरीकडे १.०९ च्या आतच थांबतो. अ‍ॅनालॉगला बरोबर २.८ मिळतच नाही. १०९ लिहिले की २.८१५२ येतात, आणि तेवढ्यावर सेन्सरची तक्रार नसते. असा तक्ता कागदावर मांडून, दुसऱ्याकडून तपासून घेऊन, मगच काही पीएमआयसींत असलेल्या एकदाच लिहिता येणाऱ्या स्मृतीस हात घालावा. तोपर्यंत रजिस्टरांवर तात्पुरते लिहून भागवावे, कारण त्या स्मृतीतील चूक रद्द करण्यास कोणतेही कलम नाही.

आणि परीक्षा घ्यावी ती पुरवठा क्षणभर, सेकंदभर, मिनिटभर असा वेगवेगळ्या मुदतीने तोडून, थंड पेटीवर आणि तापलेल्या पेटीवरही. मामांच्या शेतातील पेटीचे पुल-अप बदलले, रेल रिकामी करण्याची तजवीज केली. लाईट अजूनही दिवसाकाठी जाते-येते, आणि पतंगांची छायाचित्रे मात्र नियमाने जमा होतात.