स्वयंचलित गिअरपेटी बदलताना घ्यावयाची दक्षता

बोरगाव-निपाणी भागातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात वाहन रुतणे नित्याचेच आहे. 2020 साली आलेल्या नव्या महिंद्रा थार जीपमध्ये स्वयंचलित गिअरपेटीचीही सोय झाली. अशा पेटीच्या दुरुस्तीची माहिती वाहनधारकांस असणे हितावह ठरेल.

साध्या पेटीत चालक क्लच दाबून गिअर बदलतो. स्वयंचलित पेटीत इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते व तेलाच्याच दाबाने क्लचपट्ट्या आवळल्या जातात. रुतलेले वाहन जोराने रेटल्यास हे तेल अतिशय तापते. ते करपले की पट्ट्या झिजून घसरतात. इंजिन गरजते, वाहन मात्र हलत नाही. तेल कमी असले तरी हेच लक्षण दिसते. म्हणून पेटी उतरविण्यापूर्वी तेलाची पातळी, रंग व वास तपासावा.

पट्ट्यांचा झिजलेला चुरा कन्व्हर्टर, तेल थंड करणारा कूलर व नळ्या यांत साचून राहतो. केवळ पेटी बदलल्यास तोच चुरा नव्या पेटीत शिरतो आणि सारा खर्च पुन्हा करावा लागतो. यास्तव कन्व्हर्टर बदलावा, नळ्या धुवाव्यात, कूलर स्वच्छ होत नसल्यास नवा बसवावा. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत, अन्यथा पंप मोडतो. तेल उत्पादकाने सांगितलेलेच वापरावे.

पैसे चुकते करण्यापूर्वी मिस्त्रीस एवढे अवश्य विचारावे : कूलर साफ केला काय?