बारावीनंतरचा फुटबॉल: ट्रायलआधी घरात बोला

बारावी जवळ आली की गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या फुटबॉलवेड्या घरांत एकच काळजी असते. मुलाला किंवा मुलीला खेळ सोडवत नाही आणि पालकांना वर्ष वाया जाईल अशी धास्ती वाटते. दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणूनच हा निर्णय दोघांनी मिळून, निकालाच्या आधीच घ्यायला हवा.

गोव्याने २०१२ मध्ये फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. देशाचं विजेतेपद पाचदा पटकावणाऱ्या धेंपो क्लबची मुळं डिचोलीतलीच. तरी अमेरिकेतल्यासारखे कॉलेजचे प्रशिक्षक इथे शिष्यवृत्ती घेऊन दारात येत नाहीत. आपल्याकडे खेळाडू सहसा क्लबमधून घडतो आणि पदवी कॉलेजातून मिळते. दोन्हींची सांगड घरानेच घालायची असते.

कॉलेज निवडताना आधी अभ्यासक्रम पाहा. उद्या गुडघा दुखावला आणि खेळ थांबला, तरी तिथे शिकावंसं वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल तरच अर्ज भरा. विर्नोड्याचं संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय, साखळीचं सरकारी महाविद्यालय, डिचोलीचं झांट्ये कॉलेज अशी घराजवळची कॉलेजं कमी लेखू नका. प्रवासाचा वाचलेला वेळ सरावाला मिळतो. प्रवेशाआधी तिथल्या क्रीडा शिक्षकांना भेटा. संघ नियमित खेळतो का, सामन्यांमुळे हजेरी बुडाली तर काय, विद्यापीठ संघाची निवड कधी होते, हे विचारा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला १७ ते २५ ही वयोमर्यादा आहे. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी क्रीडा कोट्यातून जायचं असेल, तर सीयूईटी ही प्रवेश परीक्षा, प्रमाणपत्रं आणि ट्रायल या तिन्हींची तयारी लागते.

एक फाईल आजच उघडा. जन्मदाखला, आधार, गुणपत्रिका, सुब्रोतो चषकासारख्या शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रं तिच्यात लावा. आधारवर एक नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्यासाठी वेळ उरत नाही. क्लबच्या कागदावर सही करण्यापूर्वी मुदत किती, दुखापतीचा खर्च कोणाचा, क्लब बदलायचा झाल्यास ना-हरकत दाखला मिळेल का, हे नीट वाचा. निवड करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

ट्रायलमध्ये केवळ गोल मोजले जात नाहीत. चेंडू गमावल्यावर खेळाडू कंबरेवर हात ठेवून उभा राहतो की परत धावतो, हे जाणता प्रशिक्षक टिपत असतो. त्या वेळी पालकांनी बाहेरून सूचना देऊ नयेत. निवड झाली नाही, तर घरी येताना चुकांची उजळणी नको. आधी जेवू द्या, बोलणं दुसऱ्या दिवशी.

निवड हुकली म्हणून मैदान सुटत नाही. प्रशिक्षकाचे परवाने, पंचगिरी, शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी या वाटा उघड्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना अभ्यास लागतोच. तेव्हा येत्या रविवारी सगळे एकत्र बसा. मुलाला काय हवं ते त्याच्या तोंडून ऐका, घराला किती झेपेल ते त्याला मोकळेपणाने सांगा आणि जे ठरेल ते कागदावर लिहून ठेवा.