निदान कोणास सांगावे?

प्रश्न : बेचाळिसाव्या वर्षी मला स्वमग्नतेचे निदान झाले. मी सरकारी कचेरीत लेखापाल आहे. पत्नीस व वरिष्ठांस हे सांगावे काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : निदान ही आपली खाजगी बाब असल्याने ते जाहीर करण्याची सक्ती आपणांवर नाही, तथापि ज्या पत्नीने भरल्या लग्नमंडपातून आपले मध्येच उठून जाणे कदाचित तुसडेपणा समजून सोसले असेल, तिला ते सर्वांआधी, निवांतपणे आणि तिच्या रागालाही अवकाश ठेवून सांगावे, असे माझे मत आहे. ‘लहानपणी तर चांगला बोलायचास’ म्हणणाऱ्या आत्याबाईंची समजूत घालीत बसण्याचे मात्र प्रयोजन नाही.

कचेरीत निदानापेक्षा गरज सांगणे फलदायी : तोंडी हुकुमांऐवजी लेखी टिपण मिळावे, लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखालचे मेज बदलून मिळावे, एवढी विनंती पुष्कळदा पुरते. (तोंडी हुकुमांची खोड मोडल्यास इतर कारकूनही दुवा देतील!) तेवढ्याने न भागल्यास, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नता अंतर्भूत असून सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी पुरविण्याचे बंधन असल्याने तसा अर्ज करता येतो, परंतु अशा अर्जासोबत बहुधा प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते दप्तरी राहते, हे ध्यानी घेऊनच तो दाखल करावा.