मुलीचा लॅपटॉप आणि आमचे पहारे

१. आधी खातं वेगळं करा, बाकीचं नंतर. आपल्याकडे बहुतेक घरांत लॅपटॉप एक आणि त्यावरचं खातंही एकच, तेही ॲडमिनिस्ट्रेटरचं. त्या खात्यात बसलेलं मूल तुम्ही घातलेलं बंधन स्वतःच काढू शकतं. कपाटाला कुलूप घालून किल्ली कडीलाच अडकवण्यासारखं आहे हे. लेक पाचवीत गेली तेव्हा तिला विंडोजचं ‘स्टँडर्ड’ खातं करून दिलं आणि आमच्या खात्याला पासवर्ड घातला. पासवर्ड म्हणून गाडीचा नंबर नको, लग्नाची तारीख तर मुळीच नको. मुलांना दोन्ही पाठ असतात.

२. मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी फुकट मिळतं आणि बऱ्यापैकी काम करतं. पण त्यातली वेबसाइटची चाळणी चालते ती एज ब्राउझरमध्ये. ती चालू केली की क्रोमसारखे दुसरे ब्राउझर अडवले जातात. आमच्याकडे यावरून रडारड झाली, कारण शाळेचा सगळा अभ्यास गूगल क्लासरूमवर. ते एजमध्येही व्यवस्थित उघडतं, हे दाखवल्यावर प्रकरण मिटलं.

३. वेळेची मर्यादा घालताना प्रोजेक्टचे दिवस लक्षात ठेवा. चित्रं चिकटवून होत आली आणि पडदा बंद झाला, की मूल मर्यादेवर नाही, तुमच्यावर चिडतं. वाढीव वेळेची विनंती पालकाच्या फोनवर येते. ती मंजूर करताना कंजूषपणा नको, पण दर वेळी मंजूर केली तर मर्यादेला अर्थ उरत नाही.

४. खरं भगदाड आजोबांच्या फोनमध्ये असतं. त्याला ना कुलूप ना चाळणी, वर नातीसाठी डेटा कायम चालू. म्हणून एक पहारा वायफायच्या राउटरवरच बसवला. राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता घातला, की त्या वायफायवरच्या सगळ्या उपकरणांवर अश्लील आणि घातक साइट अडतात. राउटरचा मूळ पासवर्डही तेव्हाच बदलून टाका. अर्थात, फोन मोबाइल डेटावर गेला की हा पहारा संपला. तिथे आजोबांनाच विश्वासात घ्यावं लागतं, आणि ते काम राउटरपेक्षा अवघड!

५. यूट्यूबच्या आत काय चाललंय, ते डीएनएसला दिसत नाही. तिथे रिस्ट्रिक्टेड मोड लावावा. त्यात व्हिडिओखालच्या कॉमेंटही दिसत नाहीत. प्रत्येक ब्राउझरमध्ये तो वेगळा लावावा लागतो. तरी नको ते थोडंफार निसटतंच.

६. चोरून काही लावू नका. मुलीची प्रत्येक कळ टिपणारं सॉफ्टवेअर एका परिचितांनी सुचवलं होतं, मी नाही म्हटलं. काय लावलंय, का लावलंय, हे तिला सांगितलेलं आहे. आठवड्याचा अहवाल ईमेलवर येतो, तो आम्ही दोघी मिळून बघतो. गुपचूप पाळत ठेवली आणि ती कळली, तर उद्या एखादा अनोळखी माणूस फोटो मागायला लागला तेव्हा मूल आपल्याकडे येणार नाही. त्या वेळी कुठलंच सेटिंग उपयोगी पडत नाही.

७. लॅपटॉप हॉलमध्येच ठेवा.

८. कोणी मुलाला ऑनलाइन धमकावत असेल तर घाबरून चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८, हे दोन नंबर मुलांनाही पाठ करून द्या.