दहा घरांची एक परसबाग



आपले शिवार उसाने हिरवेगार, पण मेथीची जुडी मात्र आठवडी बाजारातून विकत! मळ्यात राहणाऱ्यांचे ठीक आहे. गावठाणात घर असलेल्यांना परसबागेला जागाच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाला रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी हवी. म्हणजे पाच जणांच्या घराला दोन किलो. एवढी भाजी विकत घेऊन कोण खातो? तेव्हा दहा घरांनी मिळून एक जागा धरावी, हे बरे.

जागा कोठे पाहावी? – शाळेचे आवार, देवस्थानची जमीन किंवा ग्रामपंचायतीची मोकळी जागा पाहावी. खाजगी मालक कुळकायद्याच्या धास्तीने सहसा तयार होत नाहीत. गायरानात मात्र परस्पर कुदळ मारू नका. गावच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. प्रथम सात-बारा पाहावा, मग ठराव किंवा लेखी संमती घ्यावी. उन्हाळ्यात पाणी टिकते का, हे गावातल्या जाणत्यांना विचारावे.

आखणी – ११ गुंठे पुरतात. प्रत्येक घरास १ गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा. उरलेला गुंठा वाटा व खतखड्ड्याला. मेथी, पालक, कोथिंबीर एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, नाही तर एका दिवशी ढीग आणि पुढे महिनाभर काहीच नाही. वेलभाज्या कुंपणावर चढवाव्यात. प्रेसमड चांगला कुजलेलाच वापरावा. उसाचे पाचट आच्छादनाला उत्तम, पाणीही कमी लागते.

तणनाशकापासून सावध – हे आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचे. शेजारच्या उसात २,४-डी फवारले आणि वारा इकडचा असला, की टोमॅटो, वांगी, भेंडी यांची पाने पिळवटतात. पीक गेलेच समजा. म्हणून शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे, वाऱ्यात फवारणी नको. तणनाशकाचा पंप भाजीला कधीही वापरू नये, धुतला तरी नाही. जिथे नुकतेच ॲट्राझिन मारले, ती जमीन भाजीला घेऊ नये. त्याचा अंश मातीत बरेच महिने राहतो. उसाचे वाहून येणारे पाणीही बाहेर वळवावे.

तंटा होऊ नये म्हणून – तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटावेत. पाण्याची पाळी व वर्गणी वहीत लिहावी. महिनाभर तण न काढल्यास तुकडा दुसऱ्यास जाईल, हे पेरणीआधीच ठरवावे. भांडण झाल्यावर केलेला नियम कोणी मानत नाही. ज्यांना गुंठाभरही जमीन नाही अशा एक-दोन मजूर कुटुंबांनाही सामील करून घ्यावे. खरी गरज त्यांनाच आहे.

दहा घरे जमली, की आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास कळवावे. जागा पाहावयास आम्ही येऊ.

– ऊस विकास अधिकारी